काळी चार

कॅसेट संपून बटण खटकन वर आलं की आई दर वेळी एकच वाक्य म्हणायची, "गाणं आलं, तानपुरा नाही आला."

सांगलीच्या आमच्या घरात तेव्हा फिलिप्सचा टू-इन-वन होता. त्याला एकच स्पीकर. आकाशवाणीवरच्या मैफली आम्ही त्यावर टेप करायचो. गाणाऱ्याचा आवाज यायचा, तबला यायचा, पेटी तर जरा जास्तच यायची. तानपुरा मात्र टेपच्या सरसर आवाजात विरघळून जायचा. शेजारच्या खोलीत कुणी पंखा लावलाय असं वाटावं, इतपतच. आई गाण्याच्या शिकवण्या घ्यायची. तिला हे सोसायचं नाही. तानपुरा ऐकू न येणारं गाणं म्हणजे नुसतं चित्र, ते टांगायला भिंतच नाही, असं ती म्हणायची.

मी गाण्याच्या परीक्षा प्रवेशिका पूर्णपर्यंत दिल्या आणि सोडून दिलं. गळा तयार झाला नाही, पण कान झाला. पुढे वॉकमन आला, कॉम्प्युटरचे डबीएवढे स्पीकर आले, मग ब्लूटूथचा डबा आला. दर वेळी मी आईला बोलवायची, ऐकवायची आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायची. तिने मान हलवली की समजायचं, तानपुरा नाही आला. पन्नाशी पूर्ण झाली त्या वर्षी ठरवलं, की आता एकदाच खरे स्पीकर घ्यायचे. सोनं नको, सहल नको. आईला या घरात तानपुरा ऐकवायचा.

ऐकल्याशिवाय घ्यायचं नाही, एवढं पक्कं होतं. मुंबईतल्या एका दुकानाशी फोनवर बोलून वेळ ठरवली आणि सकाळच्या डेक्कन क्वीनने गेले. पिशवीत दोन सीडी आणि एक पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हवर फक्त चार मिनिटांचा तानपुरा होता, गाणं नाही, काही नाही. दुकानातल्या गृहस्थांनी अदबीनं विचारलं, "काय लावू मॅडम?" मी म्हटलं, "आधी हे लावा." बहुतेक माणसं ढोल नाहीतर गिटार घेऊन येत असावीत. ते जरा थबकले, पण लावलं.

तानपुऱ्याइतकी कडक परीक्षा स्पीकरची दुसरी होत नसेल, असं मला आजही वाटतं. तारा चारच. पण घोडीवर तारेखाली जो सुताचा दोरा सरकवतात, त्याने जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणता गुंजारव, उघडते, आणि एका तारेतून स्वरांची शिडीच निघते. खालचा षड्ज, त्याच्या वरचा, मग पंचम, मग आणखी वरचा षड्ज, नीट जुळलेल्या तानपुऱ्यात चक्क गंधार. कुणीही न छेडलेला गंधार! खर्जाच्या पोटातल्या घुमण्यापासून अगदी वरच्या चकाकीपर्यंत सगळं एकाच वेळी चालू असतं आणि एकात एक मिसळत असतं. खालचे स्वर वाजवणारा वूफर आणि वरचे वाजवणारा ट्वीटर यांचं आपसात पटत नसेल, तर या चार तारा दोन मिनिटांत ते चव्हाट्यावर आणतात.

पहिल्या जोडीने मला जिंकलंच होतं. काय ती झळाळी! तारेवरून बोट निसटताना दिसावं असा आवाज. पण पंधरा-वीस मिनिटांनी कपाळ जड व्हायला लागलं. दुसरी जोडी गोड, पण तिच्यात तानपुरा गादीवर झोपलेला. तिसरी जोडी जुन्या लाकडी कपाटासारखी दिसत होती, कोपरे चौकोनी, पुढे काळं कापड. ती लावली आणि मी पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकले. तानपुरा कुठून येतोय हे शोधावंसंच वाटेना. तो होता. बसलेला होता.

ते व्हार्फडेलचे लिंटन. या कंपनीची कहाणी मला नंतर कळली आणि फार आवडली. गिल्बर्ट ब्रिग्ज नावाचे गृहस्थ, इंग्लंडच्या यॉर्कशायरमधले, कापडाच्या धंद्यातले. त्यांनी १९३२ साली इल्कली गावात घराच्या तळघरात पहिला स्पीकर बनवला. व्हार्फ नदीचं खोरं म्हणून नाव व्हार्फडेल. याच ब्रिग्जनी १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये लोकांना बोलावून खरं वादन आणि ध्वनिमुद्रण पाठोपाठ ऐकवलं होतं. केवढी हिंमत म्हणायची! आपल्या वस्तूला खऱ्या वाद्याच्या शेजारी उभं करायचं आणि लोकांना म्हणायचं, ऐका. लिंटन हे नाव त्यांच्याकडे १९६५ पासूनचं, आताचं रूप २०१९ मधलं. आठ इंची वूफर, पाच इंचांहून थोडा मोठा मधला स्पीकर, एक इंची ट्वीटर. संवेदनशीलता ९० डेसिबल. म्हणजे एक वॅट दिला की एक मीटरवर एवढा आवाज. हा आकडा बघाच, कारण तीन डेसिबलने तो कमी असेल तर तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. बाकीच्या आकड्यांपेक्षा आपले कान बरे.

टेम्पो आला तो शनिवार होता. एकेक स्पीकर १८ किलोंच्या वर, स्टँड वेगळे, आमचा मजला तिसरा आणि लिफ्ट नाही. खालच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा धावत आला, "मावशी, तुम्ही बाजूला व्हा." त्याने आणि टेम्पोवाल्या दादांनी चार खेपांत सगळं वर चढवलं. खोकी उघडली तेव्हा थर्माकोलचा आणि ताज्या पॉलिशचा वास घरभर पसरला. आईने आतून करंडा आणला. नव्या शिलाई मशीनला लावलं होतं, स्कूटरला लावलं होतं, तसं दोन्ही स्पीकरांच्या माथ्यावर हळदकुंकवाचं बोट टेकवलं. मी ते अजून पुसलेलं नाही.

तारा मीच जोडल्या. लाल लालला, काळी काळ्याला, अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर. घाईत डाव्या बाजूची जोडणी उलटी झाली आणि पहिल्याच गाण्याला छातीत धस्स झालं. गाणारा कुठेच नव्हता. आवाज होता, पण तो भिंतीतून, छतातून, कानामागून यायचा, आणि तबल्याचा डग्गा तर नाहीसाच झालेला. अर्ध्या तासाने चूक सापडली. एका स्पीकरचा पडदा पुढे जाताना दुसऱ्याचा मागे जात होता आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकत होते. वायर उलटवली. गायक दोन स्पीकरांच्या बरोबर मधे, रिकाम्या भिंतीपुढे येऊन बसला. तिथे काहीही नाही हे माहीत असूनही माणूस त्या जागेकडे बघून ऐकतो. अ‍ॅलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली स्टिरिओची ही करामत पेटंटच्या कागदावर मांडली होती. अशी जुनी गोष्ट आपल्या दिवाणखान्यात पहिल्यांदा घडते तेव्हा ती नवीनच असते.

आता खरं काम सुरू झालं. त्याबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण दुकानात हे कुणी विकत नाही.

आमचा हॉल १६ फूट लांब, ११ फूट रुंद. स्पीकर पुढच्या भिंतीला चिकटून, सोफा मागच्या भिंतीला चिकटून, अशी रचना केली होती. घरोघरी असतेच. गाणं सुंदर, पण डग्गा विचित्र वागत होता. तबलजी मनगट दाबत घीस काढतो तेव्हा स्वर खालून वर चढतो. तो चढताना मधेच एका जागी भसकन फुगायचा, टेकडी चढताना वाटेत अचानक उंचवटा लागावा तसा, आणि पुन्हा बसायचा. तानपुऱ्याचा खर्जही पुरुष गायकाचा असला की जाड व्हायचा, ओला झाल्यासारखा. मी आधी स्पीकरला दोष दिला, मग अ‍ॅम्प्लिफायरला. दोष दोघांचाही नव्हता.

ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीला षड्ज धरून, गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा षड्ज, ६९ हर्ट्झच्या आसपास, सेकंदाला ६९ कंपनं. भागाकार केला तर त्या स्वराची एक लाट जवळपास पाच मीटरची निघते. म्हणजे १६ फूट. म्हणजे माझा हॉल! ती लाट खोलीत चपखल बसत होती. समोरच्या भिंतीवरून मागच्या भिंतीवर, तिथून परत, आणि दर फेरीला स्वतःलाच बळ देत होती. अशी लाट दोन्ही भिंतींपाशी आणि बरोबर मध्यावर जोरात ऐकू येते, आणि चार फुटांवर नि बारा फुटांवर जवळपास नाहीशी होते.

कागदावर हे पटत होतं, पण मला ते कानाने बघायचं होतं. फोनवरून स्पीकरांवर ७० हर्ट्झचा अखंड स्वर लावला आणि हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. भिंतीपाशी पोटात घुमणारा आवाज. चार पावलं आलं की ओसरला, जणू कुणी खिडकी लावून घेतली. मध्यावर पुन्हा भरून आला. पुन्हा ओसरला. मागच्या भिंतीपाशी, जिथे आमचा सोफा, तिथे पुन्हा घूं. आई स्वयंपाकघरातून बघत होती. तिने हात पदराला पुसले आणि ती पण चालायला लागली, मान किंचित तिरकी करून, एकेका पावलाला थांबत. दोनदा फेऱ्या घातल्या. मग मागच्या भिंतीपासून चार फुटांवर उभी राहून म्हणाली, "सोफा इथे आण."

दिवाणखान्यात सोफा भिंतीपासून चार फूट पुढे असणं आपल्याकडे बरं दिसत नाही. येणारा-जाणारा विचारतो, रंगकाम काढलंय का? आम्ही आणला. स्पीकर पुढच्या भिंतीपासून तीन फूट बाहेर ओढले, एकमेकांपासून सात फूट, आणि तोंडं जराशी आत वळवली. फरशी उघडी होती, टाळी वाजवली की मागून बारीक किणकिण यायची. तिच्यावर जमखाना टाकला. डाव्या भिंतीला दिवाळी अंकांचं कपाट आलं. वेगवेगळ्या जाडीचे, वेगवेगळ्या उंचीचे अंक दाटीवाटीने लावले, की त्यांच्यावर आदळणारा आवाज एका रेषेत परत न येता विखुरतो. तीस वर्षांचे दिवाळी अंक रद्दीत न घातल्याचं मला इतकं समाधान कधीच वाटलं नव्हतं. नवे स्पीकर शेकडो तास वाजल्यावर 'उघडतात' असं पुष्कळ लोक म्हणतात. पडदे थोडे मोकळे होत असतीलही. माझा अनुभव असा, की जमखान्याच्या एका घडीने जेवढा फरक पडला तेवढा महिनाभराच्या वाजण्याने पडला नाही.

त्या रात्री कुमार गंधर्व लावले. १९४८ साली आजारी अवस्थेत ते देवासला गेले. क्षयाने एक फुफ्फुस निकामी झालेलं, पुढचं सगळं गाणं उरलेल्या श्वासावर. हे आम्हाला पाठ होतं, पण ऐकलेलं नव्हतं. छोटा, धारदार तुकडा, मग जागा, मग पुन्हा तुकडा. त्या जागेत आता श्वास ऐकू येत होता, घेतलेला, पुरवून वापरलेला. आणि त्या जागा रिकाम्या नव्हत्या. तिथे तानपुरे होते. एक डावीकडे मागे, एक उजवीकडे मागे, आणि दोघांच्या मधे काहीतरी तिसरंच झुलत असलेलं. कुमारजी तानपुरे जुळवायला किती वेळ घेत याच्या गोष्टी आई माझ्या लहानपणापासून सांगत आलीय. त्या गोष्टींचा अर्थ त्या रात्री आमच्या हॉलमध्ये उभा होता. रेकॉर्ड संपली. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आला."

इथेच थांबले असते. पण आठवड्याने एक वेगळाच आवाज यायला लागला.

एका जुन्या मैफलीची रेकॉर्ड होती, गायकांचा षड्ज काळी एक. ते मध्य सप्तकातल्या पंचमावर येऊन थांबले, की खोलीत कुठेतरी बारीक झंकार उठायचा. फक्त पंचमावर. मध्यमावर नाही, धैवतावर नाही. स्पीकरचा स्क्रू ढिला असेल म्हणून मी सगळे आवळून पाहिले. शोकेसच्या काचा दाबल्या, भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, स्वयंपाकघरातली ताटाळी बघून आले. दुकानात फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं, "डावा-उजवा बदलून बघा." बदलले, झंकार जिथल्या तिथे. शेवटी वैतागून पंचमावरच रिमोटचं आवाज बंद करायचं बटण दाबलं. गाणं थांबलं.

झंकार थांबला नाही. अंधुक होत होत दोन-तीन सेकंद तो खोलीत राहिला. मागून येत होता. सोफ्याच्या मागून.

सोफा पुढे आणल्यावर मागे चार फुटांची जी पट्टी मोकळी झाली, तिच्या कोपऱ्यात आईने चटई टाकून आपला तानपुरा आडवा ठेवला होता. सकाळचा रियाज ती आता तिथेच करते. गवसणी काढलेलीच असते, कारण आजकाल वाकून नाड्या बांधणं तिला जड जातं. मी जवळ जाऊन तारांवर तळवा टेकवला. जोडीच्या तारा, म्हणजे षड्जाला लावलेल्या मधल्या दोन, अजून थरथरत होत्या.

आई आली, तिने बघितलं आणि तिला कळलंच. "माझी काळी चार आहे ना," म्हणाली. पेटीच्या काळ्या पट्ट्या डोळ्यासमोर आणा. काळी एकला षड्ज धरला तर त्याचा पंचम म्हणजे नेमकी काळी चार. साधारण २०८ हर्ट्झ. गायक पंचमावर विसावले, की तो स्वर हवेतून येऊन आईच्या जोडीच्या तारांना बरोबर तिथेच धक्का देत होता, जिथे त्या मुळातच लावलेल्या आहेत, आणि खर्जाची तारही तिच्या दुसऱ्या स्वरातून साथ देत होती. त्यात कोपऱ्याची जागा. खोलीतला आवाज कोपऱ्यात सर्वांत दाट होतो. सतारीच्या तरफा जशा न छेडता बोलतात, तसा हा तानपुरा बोलत होता. ब्लूटूथच्या डब्याने तो कधी जागा झाला नव्हता.

या तानपुऱ्याला आई फार जपते. तो मिरजेचा. तिथल्या कारागिरांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात दरबारच्या गवयांची वाद्यं दुरुस्त करता करता ते तंतुवाद्यं घडवायला लागले. भोपळा पंढरपूरकडचा, लाकूड तुणीचं. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ती बातमी आईने कात्रीने कापून ठेवलीय. १९७८ साली एसटीत मांडीवर आडवा धरून तिने हा घरी आणला होता.

मला वाटलं, आता ऐकताना गवसणी घालायची म्हणेल. ती चटईवर बसली. "तोच पंचम पुन्हा लाव," म्हणाली. मी सुई उचलून मागे ठेवली. पंचम आला, तारा झंकारल्या. तिने मान हलवली. "रेकॉर्ड जराशी चढी आहे." आणि जोडीच्या पहिल्या तारेचा सूर जुळवायचा मणी तिने नखाने केसभर खाली सरकवला.

तेव्हापासून आमचे रविवार असे जातात. आई कव्हरांच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक लिहिते, 'का. १', 'का. १ चढी', 'का. १ थोडी उतरलेली'. काळी चारमध्ये गाणाऱ्या बायकांच्या रेकॉर्डी वेगळ्या काढल्यात, त्यांच्या षड्जालाच तानपुरा उठतो. आतापर्यंत अकरा कव्हरं झाली. मी बारा फुटांवर सोफ्यात, ती माझ्या पाठीमागे चटईवर, बोटं मण्यांवर. गाणं चालू असतं. गायक मध्यमावरून वर सरकतात, पंचमावर येतात, टेकतात.

"थांबव," आई मागून म्हणते.

मी बटण दाबते.